विषय राहिला

महाविद्यालयाच्या प्रवेश-अर्जावरचा एक शब्द पंचवीसहून अधिक वर्षे आमच्या नजरेसमोरून जातो आहे, आणि तरी नजर त्याला सरावलेली नाही. तो शब्द म्हणजे 'ऐच्छिक'. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आम्ही मराठी शिकवतो. तिथल्या बी.ए.च्या अर्जावर 'अनिवार्य' या शब्दापुढे विद्यार्थ्याला काही लिहावे लागत नसे. इंग्रजी तिथे आधीच छापलेले असे. द्वितीय भाषेचा प्रश्न बहुधा घरच्या भाषेने सोडवलेला असे. 'ऐच्छिक' या शब्दापुढे मात्र तीन चौकटी कोऱ्या असत. नाव, गाव, जात, बारावीचे गुण, वडिलांचा व्यवसाय, वार्षिक उत्पन्न हे सारे न अडखळता भरणारा हात नेमका त्या चौकटींपाशी थांबे. मग अर्ज खिडकीतून आत सरकवला जाई आणि प्रश्न येई, "सर, काय घ्यावं?"

जिथे इच्छा विचारली आहे तिथेच हात थांबतो, याचा अर्थ आम्ही अनेक वर्षे सरळसोट लावला: या मुलांना इच्छाच नाही. बारावी झाली, घरी बसण्यापेक्षा कॉलेज बरे, म्हणून ती आली आहेत. हा निष्कर्ष किती घाईचा होता आणि त्या घाईत आमचा स्वार्थ किती होता, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

मराठीत विद्यार्थी विषय 'घेतो'. या क्रियापदाकडे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. संतांच्या परिभाषेत विषय ही सोडायची गोष्ट. माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध खेचून नेते ती. गंगाखेडच्या जनाबाई आणि एके काळी याच जिल्ह्यात असलेल्या नरसीचे नामदेव यांच्या या भागाने सहा-सातशे वर्षे विषय सोडण्याचा उपदेश ऐकला आहे. तिथल्या अठरा वर्षांच्या मुलाला दहा मिनिटांत तीन विषय घ्यायला सांगितले जाते. विषयाच्या अंगी खेचून नेण्याचे बळ असते, हा संतांचा अनुभव अर्जाच्या चौकटीत कुठे दिसत नाही. तिथे विषय घेतला जातो, उत्तीर्ण झाला की 'निघतो' आणि नापास झाला की 'राहतो'.

परभणीविषयी दोन म्हणी सर्वांच्या तोंडी आहेत. 'जगात जर्मनी, देशात परभणी' ही ऐटीची. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही बेफिकिरीची. दुसरीला दख्खनी बोलीचा वास आहे आणि तो स्वाभाविक आहे, कारण सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. जमले तर जमले, नाही तर परभणी आहेच. शिक्षणातल्या निवडीचा आमच्याकडचा व्यवहार याहून नेमक्या शब्दांत सांगता येणार नाही. लातूरला राहून बारावी करावी, वैद्यकीयला नंबर लागला तर लागला. नाही तर कृषी. तेही नाही तर डी.एड.; आणि यांतले काहीच नाही तर बी.ए. कला शाखा म्हणजे 'नहीं तो'च्या पुढची जागा. तिथे येणारा विद्यार्थी निवड करायला आलेला नसतो, निवडी संपवून आलेला असतो. त्याच्या हाती आपण 'ऐच्छिक' असे छापलेला कागद देतो.

या उतरंडीत सर्वांत जास्त उच्चारला जाणारा शब्द 'स्कोप'. कशाला स्कोप आहे? हा प्रश्न हास्यास्पद मानण्याची साहित्याच्या लोकांत रीत आहे. आम्ही ती पाळत नाही. चार एकर कोरडवाहू जमीन असलेल्या बापाने मुलाच्या शिक्षणावर पैसा लावताना हा प्रश्न विचारला नाही तर काय विचारावे? अडचण एवढीच की स्कोपचे उत्तर देणारा कोणीच ते उत्तर खरे ठरेपर्यंत जागेवर थांबत नाही. २००० नंतरच्या दशकात आमच्या भागात डी.एड.ची विद्यालये भराभर निघाली. बारावीचे चांगले गुण असलेली मुले बी.ए., बी.एस्सी. सोडून तिकडे गेली, कारण दोन वर्षांत मास्तर होण्याची हमी दिसत होती. २०१० नंतर शिक्षकभरती दीर्घकाळ थांबली, डिसेंबर २०१३ मध्ये पहिली टीईटी आली, आणि हमी हवेत विरली. त्यांतली काही मुले पुढे आमच्याकडे बी.ए.ला आली. वर्गातल्या इतरांपेक्षा ती चार-पाच वर्षांनी मोठी होती आणि कोणत्याही प्रश्नाला हात वर करत नसत.

शेतकरी याला धूळपेरणी म्हणतो. पाऊस पडण्याआधी कोरड्या मातीत बी टाकायचे. वेळेवर पडला तर पीक सर्वांच्या आधी, नाही तर बियाणे गेले. जूनमधला महाविद्यालयीन प्रवेश ही बहुतेकांची धूळपेरणीच असते.

आमची स्वतःचीही तशीच होती. आमच्या घरी 'ॲग्री'चे स्वप्न होते. परभणीत १९५६ साली कृषी महाविद्यालय निघाले आणि १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. तिथून निघालेले 'परभणी क्रांती' हे भेंडीचे वाण शेतकऱ्यांना नावाने माहीत होते. शेतीतून सुटायचे आणि पदवी मात्र शेतीचीच घ्यायची, यातली विसंगती आमच्या वडिलांना जाणवत नव्हती. आज आम्हांला तिचे हसू येत नाही. बारावी विज्ञानाला गुण कमी पडले. १९९१ साली आम्ही कला शाखेच्या रांगेत उभे राहिलो.

मराठवाडा विद्यापीठात तेव्हा बी.ए.ला तीन ऐच्छिक विषय तिन्ही वर्षे समान वजनाने चालत. पुण्या-मुंबईकडच्या 'स्पेशल'ची रीत आमच्याकडे नव्हती. आम्हांला अर्थशास्त्र घ्यावेसे वाटत होते. का, ते नीट सांगता आले नसते. कापसाचा भाव कोण ठरवतो हे त्यात सांगतात, असे कोणाकडून तरी ऐकले होते. वेळापत्रक पाहिले तर अर्थशास्त्राचा तास बाराला आणि आमच्या गावाची एस.टी. सव्वाबाराला. त्यानंतरची थेट संध्याकाळी. मराठीचा तास सव्वाआठला होता. आम्ही मराठी घेतले. आज ज्या विषयाच्या भाकरीवर आम्ही जगतो आणि ज्याविषयी चारचौघांत जिव्हाळ्याने बोलतो, तो आमच्या आयुष्यात असा एस.टी.च्या वेळापत्रकातून आला. ही गोष्ट मुलाखतींत आणि सत्काराच्या भाषणांत आम्ही कधी सांगितली नाही. तिथे लहानपणापासूनच्या वाचनाची आवड सांगण्याचा प्रघात आहे.

मग तो विषय आमचा कधी झाला? प्रथम वर्षाला आम्हांला शिकवणाऱ्या सरांनी एके दिवशी पुस्तक मिटले आणि म्हणाले, "वाफसा म्हणजे काय, हे गाव कधी न पाहिलेल्या माणसाला समजेल असे लिहा." परभणीची जमीन काळी, भारी. पाऊस पडला की ती चिकट होते, पाय रुततो, औत चालत नाही. ऊन पडून ती फार वाळली तर ढेकूळ फुटत नाही. या दोहोंच्या मधली, मूठभर माती हातात दाबून सोडली की मोकळी होणारी जी स्थिती, ती वाफसा. ती दोन दिवस टिकते, कधी एकच. ती ओळखता येणे म्हणजे शेती येणे. आम्ही पाऊण पान लिहिले. सरांनी ते वर्गात वाचून दाखवले आणि त्यातला 'मोकळी होणारी' हा शब्दप्रयोग फळ्यावर लिहिला. घरी जे फुकटात माहीत होते ते इथे ज्ञान म्हणून मोजले जाते, हे आम्हांला त्या दिवशी प्रथम कळले. बसची वेळ सांभाळण्यासाठी घेतलेल्या विषयाने आम्हांला पहिल्यांदा धरले ते तिथे.

पदवीपर्यंतच्या तीन वर्षांत बरेच काही झाले. आमच्या पहिल्या गुणपत्रिकेवर विद्यापीठाचे एक नाव आहे आणि शेवटच्या गुणपत्रिकेवर दुसरे. मधल्या जागेत १४ जानेवारी १९९४ हा नामविस्ताराचा दिवस आणि त्यामागचा सोळा-सतरा वर्षांचा संघर्ष आहे. विद्यापीठ या संस्थेत कोणाचा वाटा आहे हा प्रश्न इतिहासाच्या पुस्तकात येण्याआधी आमच्या बाकांवर येऊन बसला होता. १९९५ साली परभणीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष नारायण सुर्वे होते. गिरणीत, मग शाळेत शिपाई म्हणून काम करून पुढे प्राथमिक शिक्षक झालेला, आणि आपल्या एका संग्रहाला 'माझे विद्यापीठ' असे नाव देणारा हा कवी कोणत्या चौकटीत कोणता विषय लिहून तिथवर आला होता? मांडवात दाटीवाटीने बसलेल्या आम्हां एम.ए.च्या मुलांना हा प्रश्न पडला नाही. आम्ही नोकरीची चिंता करत होतो.

नंतर, स्वतः शिकवू लागल्यावर, या मुलखातल्या दोन लेखकांची आयुष्ये आम्ही या दृष्टीने पाहू लागलो.

नरहर कुरुंदकरांचा जन्म १५ जुलै १९३२ रोजी नांदापूरचा. ते गाव तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा झाल्यावर तिकडे गेले. भरताचे नाट्यशास्त्र, मनुस्मृती, शिवकालीन इतिहास, राजकारण, सौंदर्यशास्त्र, यांपैकी कोणता त्यांचा 'विषय', असे विचारले तर उत्तर देता येत नाही. आणि हेच गृहस्थ इंटरच्या परीक्षेत एकापेक्षा अधिक वेळा नापास झाले होते. वर्गात ही हकीगत सांगितली की मुलांचे चेहरे खुलतात. आम्हीही ती बरीच वर्षे दिलाशादाखल सांगत आलो. पण तिची दुसरी बाजू सांगितल्यावाचून दिलासा खोटा ठरतो. हैदराबादेत कुरुंदकरांचे मामा ना. गो. नांदापूरकर मराठीचे प्राध्यापक होते. घर पुस्तकांचे आणि चर्चेचे होते. पुढे नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेने त्यांना शिक्षक म्हणून सामावून घेतले आणि नंतर पीपल्स कॉलेजने प्राध्यापक व प्राचार्य केले. एकाच विषयात न मावणाऱ्या माणसाला मावून घेणारी घरे आणि संस्था आसपास होत्या. नापास होणे सर्वांना परवडते असे नाही.

दुसरे बी. रघुनाथ. जन्म १५ ऑगस्ट १९१३ रोजी सातोन्याचा. हे गावही तेव्हा परभणीत, आता जालना जिल्ह्यात. त्या काळी निजामाच्या राज्यात उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचे होते. पण माध्यम निवडण्याची, विषय घेण्याची वेळ बी. रघुनाथांवर आलीच नाही. मॅट्रिकनंतर ते बांधकाम खात्यात कारकून झाले. कविता, कथा, 'आडगावचे चौधरी'सारखी कादंबरी हे सगळे त्या नोकरीच्या सांदीत लिहिले गेले. ७ सप्टेंबर १९५३ रोजी, चाळिशी नुकतीच ओलांडलेली असताना, ते गेले. आज परभणीत त्यांच्या नावाचे सभागृह आहे आणि आमचे विद्यार्थी तिथे पारितोषिके घेतात. ज्याला चौकट मिळाली नाही त्यानेही विषय घेतला, असा यातून सोयीचा बोध काढता येईल. आम्हांला मात्र दर वेळी वाटते की त्याला आणखी वीस वर्षे आणि थोडी फुरसत मिळाली असती तर?

मराठी कादंबरीत अनिश्चित विद्यार्थी म्हटला की आपल्याला 'कोसला'तला पांडुरंग सांगवीकर आठवतो. १९६३ पासून मराठीच्या प्राध्यापकांनी त्याच्या दिशाहीनतेवर भरपूर लिहिले आहे. त्यांतल्या बहुतेकांनी, आणि त्यांत आम्हीही आलो, एका साध्या गोष्टीकडे दुर्लक्ष केले: पांडुरंगाला भटकायला पुणे होते आणि गावाहून पैसे पाठवणारा, भले कुरकुरत का होईना, बाप होता. दिशाहीन होण्यासाठीही भांडवल लागते. आमच्या वर्गातल्या मुलीला ते मिळत नाही. तिची अनिश्चितता वर्षभर चालू शकत नाही. ती खिडकीपुढे दहा मिनिटे चालते, मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडेपर्यंत.

आता त्या मुलीविषयी. २०११ साल. गोदावरीच्या, म्हणजे आमच्या बोलीत गंगेच्या, काठच्या गावातून ती वडिलांबरोबर आली होती. अर्ज व्यवस्थित भरलेला, अक्षर टपोरे. तीन चौकटी कोऱ्या. प्रवेश समितीवर त्या वर्षी आम्ही होतो. वडील म्हणाले, "सर, लेकराला सोपं पडंल असं काई बी लिवा." आम्ही मुलीकडे पाहिले. ती चौकटींकडे पाहत होती. आम्ही विचारले, "तुला काय आवडतं?" ती काही बोलली नाही. आम्ही म्हणालो, "मराठी घे. सोपं आहे. गुण पडतात." पहिल्या चौकटीत मराठी, दुसरीत इतिहास, तिसरीत समाजशास्त्र असे आम्हीच लिहिले. तिने सही केली.

हे आम्ही का केले, ते इथे लिहायला हवे. अनुदानित महाविद्यालयात विषयाला विद्यार्थी असतील तर कार्यभार, आणि कार्यभार असेल तर पद. त्या वर्षी आमच्या विभागातल्या एका सहकाऱ्याचे पद डळमळत होते. प्रत्येक विभागाचे प्राध्यापक जून महिन्यात खिडकीच्या आसपास घुटमळत असतात. मराठवाड्यातल्या कोणत्याही महाविद्यालयात शिकवणाऱ्या वाचकाला हे दृश्य अनोळखी नाही. ज्या विषयाच्या खोलीविषयी आम्ही चर्चासत्रांत निबंध वाचतो, तो विषय त्या खिडकीत आम्ही 'सोपा' म्हणून विकतो. अनिश्चित विद्यार्थी हा आमच्या व्यवस्थेचा प्रश्न नाहीच. तो तिचा आधार आहे. सगळी मुले आपापली इच्छा ठरवून आली तर आमच्यापैकी किती विभाग उरतील?

पहिल्या वर्षी अंतर्गत गुणांसाठी आम्ही निबंध दिला: 'माझे गाव'. सर्वांनी देऊळ, जत्रा, साधी माणसे असे लिहिले. तिने सव्वा पान मजकूर लिहून एक पूर्ण पान नकाशा काढला होता, पेन्सिलने. गंगा, तिला मिळणारा ओढा, पाणंद, विहिरी, कोणत्या शेतात काळी माती आणि कोणत्यात बरड, गावठाणाचा उंचवटा. आणि गावाच्या मध्यातून गेलेली एक तुटक रेघ, तिच्याशेजारी लिहिलेले '२००६ चे पाणी'. ऑगस्ट २००६ मध्ये जायकवाडीतून मोठा विसर्ग झाला आणि गोदाकाठची गावे पाण्याखाली गेली, तेव्हा ही मुलगी तेरा वर्षांची असेल. पाणी कुठवर चढले होते ते तिने घराघरांवरून आठवून रेघेत धरले होते. आम्ही त्या पानावर लाल शाईने शेरा मारला, 'निबंध अपेक्षित आहे. नकाशा अनावश्यक.' दहापैकी सहा गुण दिले.

तीन वर्षांनी, २०१४ साली, ती टी.सी. न्यायला आली. निकाल चांगला लागला होता. मराठीत साठाच्या वर गुण होते. आम्ही अभिनंदन केले आणि एम.ए. मराठीचा अर्ज भर, असे म्हणालो. ती हसली. मग म्हणाली, "सर, मला भूगोल घ्यायचा होता."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"भूगोलाचं प्रॅक्टिकल दोनला असायचं. आमची गाडी दीडला. नंतरची मुक्कामी, ती अंधार पडल्यावर पोचते. घरून नाही म्हणले असते. मग बोलून काय करायचं?"

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. प्रॅक्टिकल दोनला, गाडी दीडला: एवढाच हिशेब ती सांगत होती, आणि तो तिने अर्ज हातात घेण्याआधीच केला होता. चौकटी कोऱ्या होत्या त्या तिला काही ठरवता येत नव्हते म्हणून नव्हे. ठरवून झाले होते आणि ते लिहिण्यात अर्थ नव्हता. आमच्या 'तुला काय आवडतं?' या प्रश्नाला तिच्या लेखी उत्तर नव्हते, कारण तो खरा प्रश्न नव्हताच. 'तुझी गाडी किती वाजता?' असे विचारले असते तर ती कदाचित बोलली असती. वीस वर्षांपूर्वी याच गाडीच्या वेळेने ज्यांना मराठीत आणून सोडले त्या आम्हांला हा प्रश्न सुचू नये, याची शरम अजून वाटते.

इथे कोणी म्हणेल की तुमचेही असेच झाले आणि पुढे मराठी तुमचे झालेच ना? हा युक्तिवाद आम्ही स्वतःशी पुष्कळदा करून पाहिला आहे. योगायोगाने हाती आलेला विषय आपला होऊ शकतो, हे खरे आहे. आम्ही त्याचा पुरावा आहोत. पण तो आपोआप झाला नव्हता. एका शिक्षकाने वाफशाविषयी विचारले होते आणि आम्ही घरून जे आणले होते ते फळ्यावर लिहिले होते. त्या मुलीनेही घरून जे आणले होते ते कागदावर मांडले होते. आमच्या पाऊण पानात शब्द होते, तिच्या पानात रेघा; दोहोंत मातीविषयीचे तेच ज्ञान होते. त्या सरांच्या जागी आम्ही बसलो होतो, आणि आम्ही सहा गुण दिले. तिचा भूगोल एस.टी.ने हिरावला असेल. मराठी तिचे होण्याची एक संधी त्या कागदावर होती, ती मात्र आम्ही दवडली.

आता अर्ज संगणकावर भरला जातो आणि चौकटींची नावे बदलली आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आले. २०२४-२५ पासून आमच्यासारख्या संलग्नित महाविद्यालयांतही 'मेजर' आणि 'मायनर' हे शब्द रुळू लागले. एक वर्ष करून बाहेर पडले तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, चौथ्या वर्षी ऑनर्स. मुख्य विषयाचा निर्णय पहिल्या वर्षानंतर पक्का करता यावा, ही त्यामागची कल्पना आम्हांला मनापासून पटते. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर वाफसा येईपर्यंत पेरणी थांबवण्याची ही मुभा आहे. पण पहिल्या वर्षात विद्यार्थ्याला पाच-सहा विषय खरोखर चाखायला मिळाले तरच त्या मुभेला अर्थ. ज्या महाविद्यालयात निम्मे तास तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर चालतात आणि कित्येक रिकाम्या पदांवर वर्षानुवर्षे कोणी येत नाही, तिथे विषयांची यादी कागदावर लांबते आणि वर्गात तीच राहते. मुलींना एस.टी.चा मोफत पास बारावीपर्यंत मिळतो. पदवीला आल्या की तो सरतो. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट झाले, त्याने फरक पडला, हे आम्ही रोज पाहतो. अर्ध्या तिकिटाने गाडीची वेळ मात्र बदलत नाही.

गाडीची वेळ आमच्या हाती नाही. प्रॅक्टिकलची होती. ही गोष्ट आम्ही भूगोलाच्या सहकाऱ्यांपाशी काढली तेव्हा ते आधी रागावले, मग हसले, आणि दोन वर्षांनी एका तुकडीचे प्रॅक्टिकल साडेअकराला झाले. त्या वर्षी काठच्या गावांतल्या चार मुलींनी भूगोल घेतला. आमच्या विभागाची संख्या तेवढ्याने कमी झाली.

प्रवेशाच्या दिवसांत आम्ही अजूनही खिडकीशी बसतो. सोपे, अवघड, स्कोप हे शब्द वापरत नाही. गाडी किती वाजता, हे आधी विचारतो. मग घरी कोणते काम तुझ्यावाचून अडते, ते विचारतो. या दुसऱ्या प्रश्नाला मुले चटकन उत्तर देतात. कोणी दुधाचा हिशेब ठेवते, कोणी आजीचे औषध पाहते, कोणी मोटर जळाली की उघडते, कोणी लग्नपत्रिकांचा मजकूर लिहून देते. त्यातून नेहमीच विषय निघतो असे नाही. पण बोलणे सुरू होते, आणि चौकट कोरी आहे म्हणजे मनही कोरे आहे, असे समजण्याची आमची चूक निदान त्या दिवसापुरती टळते.

त्या मुलीचे पुढे काय झाले ते आम्ही शोधत गेलो नाही. तिच्या आयुष्यात पुन्हा डोकावण्याचा अधिकार आम्ही कमावला नव्हता. अंतर्गत गुणांचे जुने कागद मुदत संपली की रद्दीत जातात. ते गठ्ठे काढले जात होते तेव्हा आम्ही तो एक कागद बाजूला घेतला. तो आमच्या कपाटात आहे. पेन्सिलीच्या रेघा पुसट होत चालल्या आहेत, २००६ चे पाणी अजून दिसते. लाल शाई मात्र तशीच ठळक आहे. आमच्या बोलीत नापास झालेल्या विषयाला 'राहिला' म्हणतात. गुणपत्रिकेवर तिचे सर्व विषय निघाले. राहिला तो तिचा भूगोल, आणि त्या पानापुरता आमचा मराठी.